अस्वलांच्या गावी जाताना : ज्येष्ठांनी जावे का?



प्रवासाविषयी आपण विचारलेल्या प्रश्नांत आजवर चारधाम, काशी आणि अंदमान यांचाच भरणा असे. अलीकडे त्यांत एका नव्या गावाची भर पडली आहे. मुले-नातवंडे कॅनडात स्थायिक झालेली असतात, ती आईवडिलांना बोलावतात आणि एके दिवशी विचारतात, ‘‘बाबा, पांढरी अस्वले पाहायला चर्चिलला जाऊ या का?’’ मग बाबा आमच्या दवाखान्यात येतात. एका हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी असते आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर बर्फात उभ्या असलेल्या अस्वलाचे छायाचित्र. ‘‘डॉक्टर, जमेल का हो?’’

या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. वय हा एकच निकष लावून ‘आता कशाला ही दगदग’ असे म्हणणे अन्यायाचे आणि ‘काही होत नाही, चला’ असे म्हणणे बेजबाबदारपणाचे. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही उभयता त्या गावी चार दिवस राहून आलो. तिथे जे पाहिले आणि वैद्य म्हणून जे मनात टिपून ठेवले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

गाव कसे आहे?

चर्चिल हे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातले, हडसन उपसागराच्या काठावरचे गाव. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ८७० भरली. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. प्रांताची राजधानी विनिपेग तिथून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला आहे आणि चर्चिलला जाणारा रस्ताच नाही. विमानाने दोन-अडीच तास लागतात. आगगाडी आठवड्यातून दोनदा सुटते; सुमारे १,७०० किलोमीटरचे अंतर कापायला ती दोन रात्री घेते आणि पुष्कळदा त्याहूनही उशिरा पोहोचते. रुळांखालची जमीन वर्षभर गोठलेली किंवा दलदलीची असल्याने गाडीला वेग घेता येत नाही. ही लोहवाट १९२९ मध्ये पूर्ण झाली आणि १९३१ मध्ये बंदर सुरू झाले. मे २०१७ मध्ये पुराने ती वाहून गेली, तेव्हा सुमारे दीड वर्ष गावाला आगगाडी नव्हती. भाजीपाल्यासकट सारे विमानाने येत होते.

इथे एक दिलासा देतो. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे विरळ हवेमुळे धाप लागते, डोके दुखते. चर्चिल समुद्रकाठी आहे. तिथल्या हवेत प्राणवायू मुंबईच्या हवेत असतो तेवढाच. तेव्हा केदारनाथला त्रास झाला म्हणून इथेही होईल असे समजू नये. इथल्या अडचणी दोनच, थंडी आणि अंतर; आणि या दोहोंत अंतराकडे आपले दुर्लक्ष अधिक होते. गावात चांगले आरोग्य केंद्र आहे आणि प्राथमिक तातडीचे उपचार तिथे होतात. परंतु हृदयविकाराचा मोठा झटका, पक्षाघात किंवा खुब्याचे हाड मोडणे अशा प्रसंगी रुग्णाला विमानाने विनिपेगला न्यावे लागते, आणि हवामान बिघडले तर विमान उडत नाही. जाण्याचा निर्णय घेताना हे एक वाक्य घरातल्या सर्वांनी शांतपणे दोनदा वाचावे.

अस्वले तिथे का जमतात?

हडसन उपसागर हिवाळ्यात गोठतो. पांढरी अस्वले त्या बर्फावर फिरून सीलची शिकार करतात. उन्हाळ्यात बर्फ वितळला की त्यांना किनाऱ्यावर यावे लागते आणि तिथे खाण्याजोगे फारसे काही नसते. मग पुन्हा समुद्र गोठेपर्यंत अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे. नद्यांचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या आधी गोठते. चर्चिल नदीच्या मुखाजवळ आणि या पश्चिम किनाऱ्यावर बर्फ लवकर धरतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात अस्वले याच भागात येऊन वाट पाहत बसतात. गर्भार मादीची कथा तर विलक्षण आहे. ती बर्फावर न जाता जमिनीतल्या गुहेत शिरते, तिथेच अर्ध्या-पाऊण किलोची पिल्ले जन्माला घालते, त्यांना दूध पाजते आणि सुमारे आठ महिने स्वतः काहीही खात नाही. प्रसूतिशास्त्र शिकलेल्या कुणालाही इथे हात जोडावेसे वाटतील.

अस्वले पाहायला प्रचंड चाकांच्या, उंच बसगाड्यांतून नेतात. तिथे त्यांना ‘टुंड्रा बग्गी’ म्हणतात. आत ऊब असते, स्वच्छतागृह असते आणि खिडकीशी बसून पाहता येते. आम्ही गेलो त्या दिवशी एक नर खुरट्या झुडपांच्या आडोशाला पंजावर हनुवटी टेकून झोपला होता. तासाभराने तो उठला, अंग झाडले आणि दुसऱ्या नराशी मागच्या पायांवर उभा राहून कुस्ती खेळू लागला. चारशे-पाचशे किलोंचे ते देह, आणि खेळ मात्र लहान मुलांसारखा! गाडीतली वीस-पंचवीस माणसे श्वास रोखून पाहत होती.

या दृश्याला एक खिन्न किनार आहे. उपसागरावर बर्फ पूर्वीपेक्षा कमी दिवस टिकतो, त्यामुळे अस्वलांचा उपास लांबतो. पश्चिम हडसन भागात १९८७ च्या सुमारास १,२०० च्या आसपास अस्वले होती. २०२१ च्या हवाई गणतीत ती सुमारे ६१८ भरली. नातवंडांना हे सांगावे, म्हणजे छायाचित्रांपलीकडचेही काही त्यांच्या मनात राहील.

गावकऱ्यांनी अस्वलांशी जुळवून घेतलेले आहे. अनेक जण घराची व मोटारीची दारे कुलूपबंद करीत नाहीत, कारण रस्त्यात अस्वल समोर आले तर कुणालाही पटकन आत शिरता यावे. गावात शिरणाऱ्या अस्वलाला वनरक्षक पकडतात आणि एका मोठ्या इमारतीत काही दिवस ठेवतात. लोक तिला ‘अस्वलांचा तुरुंग’ म्हणतात. तिथे त्याला पाणी मिळते, अन्न मिळत नाही, नाही तर ते खाण्यासाठी पुन्हा येईल. नंतर हेलिकॉप्टरने त्याला दूर नेऊन सोडतात.

यातून आपल्यासाठी निघणारा एक नियम सांगतो. आपल्यापैकी अनेकांना पहाटे साडेपाचला फेरफटका मारायची सवय असते आणि कालमानातील फरकामुळे तिथे तर पहाटे तीनलाच जाग येते. घरचे झोपलेले पाहून एकट्याने बाहेर पडू नये. फिरायचेच असेल तर गावात शाळा, ग्रंथालय, तरणतलाव आणि आरोग्य केंद्र एकाच छपराखाली असलेले मोठे संकुल आहे. ते उघडल्यावर तिथल्या उबेत फिरावे.

तिथली माणसे

केवळ अस्वले पाहून परत येणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न पाहण्यासारखे होईल. क्री, डेने आणि इनुइट या तिन्ही मूळ लोकसमूहांचा या भूमीशी जुना संबंध आहे. मेटी समाजाचे लोकही तिथे राहतात. ‘वापुस्क’ हा क्री भाषेतला शब्द, अर्थ ‘पांढरे अस्वल’. गावाजवळच्या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला तेच नाव दिले आहे. गावातले इट्सानिटाक संग्रहालय १९४४ पासूनचे आहे. दगडात, हाडात आणि हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्यात कोरलेल्या इनुइट कलाकृती तिथे मांडल्या आहेत. एका खोलीत बसून, गुडघ्यांना त्रास न देता, तासभर रमावे अशी ती जागा आहे.

वैद्यकाच्या इतिहासातली एक शोककथाही याच नदीमुखाशी घडली. डेन्मार्कचा दर्यावर्दी येन्स मुंक १६१९ मध्ये दोन जहाजे घेऊन आशियाकडे जाणारी जलवाट शोधत आला आणि इथे हिवाळ्यात अडकला. साठाहून अधिक माणसांपैकी मुंकसह केवळ तिघे वाचले. हिरड्या सुजणे, दात हलणे, अंगातले त्राण जाणे, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही त्यांना भोवला. अर्धवट शिजवलेल्या अस्वलाच्या मांसातील कृमींनीही घात केला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. बर्फ सरल्यावर उगवलेले हिरवे कोंब चोखून ते तिघे सावरले आणि लहान जहाजातून मायदेशी परतले. याच प्रदेशात इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट जगत होते. व्हेल माशाच्या ताज्या कातडीत ‘क’ जीवनसत्त्व असते आणि ती त्यांच्या नित्याच्या आहारात होती. अस्वलाचे यकृत मात्र ते खात नाहीत, कारण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व इतके साठलेले असते की ते माणसाला विषासारखे बाधते. हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेले नव्हते. ते वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आणि धाकट्यांनी ऐकलेले होते.

आणखी एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सायिसी डेने हे कॅरिबू हरणांच्या मागे फिरणारे लोक. १९५६ मध्ये कॅनडा सरकारने त्यांना त्यांच्या शिकारीच्या प्रदेशातून उचलून चर्चिलजवळ आणून टाकले. धड निवारा नाही, शिकार नाही, ओळखीचे रानही नाही. सुमारे अडीचशे माणसांच्या त्या समाजातले शंभराहून अधिक जण पुढच्या दीड-दोन दशकांत दगावले. दारिद्र्य, थंडी, आगी, हिंसा आणि दारू अशी कारणे नोंदली गेली. त्या सर्वांच्या मुळाशी उखडले जाणे होते. उरलेल्यांनी १९७३ मध्ये टाडूल सरोवराकाठी पुन्हा आपले गाव वसवले. २०१६ मध्ये कॅनडा सरकारने त्यांची जाहीर माफी मागितली. वैद्य म्हणून मला ही कथा परकी वाटत नाही. गावचे घर विकून शहरातल्या मुलाकडे आणलेले आजोबा चार महिन्यांत खंगतात, तेव्हा त्यांच्या सर्व तपासण्या पुष्कळदा ठीक येतात. त्या दोन दुःखांची तुलना होऊ शकत नाही. पण परिचित अंगण, शेजार आणि दिनक्रम हेही औषधच असते, एवढे आपण यातून घ्यावे. चर्चिलला गेलात तर या लोकांविषयी आदराने विचारावे आणि परवानगीशिवाय कुणाचे छायाचित्र घेऊ नये.

कोणत्या ऋतूत जावे?

ज्येष्ठांसाठी माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. चर्चिलचे तीन हंगाम आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अस्वलांचा. पारा शून्याच्या आसपास सुरू होऊन झपाट्याने खाली जातो. नोव्हेंबरातल्या वाऱ्यात उणे वीस आणि त्याहून अधिक बोचरी थंडी जाणवते. फेब्रुवारी-मार्च हा आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशाचा. हिरव्या पडद्यांसारखा लहरणारा तो प्रकाश अद्भुतच, पण त्यासाठी मध्यरात्री कडाक्याच्या हिवाळ्यात जागावे लागते. जानेवारीची सरासरीच उणे पंचविसाच्या खाली असते. तिसरा हंगाम जुलै-ऑगस्टचा. तेव्हा तापमान साधारण आपल्या महाबळेश्वरच्या थंडीसारखे, दहा ते पंधरा अंशांच्या आसपास असते. नदीच्या मुखात हजारो बेलुगा व्हेल येतात. प्रौढ व्हेल शुभ्र, पिल्ले राखाडी. इतर बहुतेक व्हेलना मान वळवता येत नाही, बेलुगाला येते. ती नावेशेजारी येऊन मान वळवून आपल्याकडे पाहते. त्यांच्या शिट्ट्यांमुळे त्यांना ‘समुद्रातली कॅनरी’ म्हणतात. पलीकडच्या तीरावरचा प्रिन्स ऑफ वेल्स किल्ला याच दिवसांत नावेने जाऊन पाहता येतो. १७३१ मध्ये बांधायला घेतलेला हा दगडी किल्ला पुरा व्हायला सुमारे चाळीस वर्षे लागली आणि १७८२ मध्ये एकही गोळी न झाडता तो फ्रेंचांच्या हाती गेला! किनाऱ्यावर एखाद-दुसरे अस्वलही दिसते, आणि ऑगस्टअखेरीच्या अंधाऱ्या रात्री दैव असेल तर ध्रुवीय प्रकाशही. त्रास आहे तो डासांचा.

तेव्हा सत्तरी ओलांडलेल्यांना, तसेच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना माझा सल्ला उन्हाळ्याचा. ऑक्टोबरचा आग्रह त्यांनीच धरावा ज्यांना सपाटीवर वीस मिनिटे सलग आणि दोन जिने न थांबता, छातीत न दुखता व धाप न लागता चढता येतात.

कोणी जाऊ नये?

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी; थोड्या श्रमाने छातीत दुखणाऱ्यांनी; पायांवर सूज आणि धाप असे हृदय कमकुवत झाल्याचे लक्षण असलेल्यांनी; घरी प्राणवायू घ्यावा लागणाऱ्यांनी; नियमित डायलिसिस चालू असलेल्यांनी आणि नुकतेच हाड मोडलेल्यांनी हा बेत टाळावा. स्मृतिभ्रंश मध्यम अवस्थेपर्यंत पोहोचला असेल तर अनोळखी खोलीत सायंकाळी गोंधळ वाढतो आणि रुग्ण दार उघडून बाहेर जाऊ शकतो. त्या गावात याचा परिणाम काय होईल ते सांगायला नको. हाडे ठिसूळ असल्यास बग्गीचे धक्के आणि वेगवान नावेचे आदळणे मणक्याला सोसत नाही; अशांनी मोठी, संथ नाव निवडावी.

ज्यांना जाता येत नाही त्यांनी हिरमुसू नये. विनिपेगच्या असिनिबॉइन पार्क प्राणिसंग्रहालयात २०१४ पासून चर्चिलचा देखावा उभारलेला आहे. तिथे काचेच्या बोगद्यात उभे राहून डोक्यावरून पोहणारे अस्वल पाहता येते, आणि मोठे रुग्णालय शहरातच असते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठीही सोय आहे. ‘पोलर बेअर्स इंटरनॅशनल’ ही संस्था शरद ऋतूत टुंड्रावरचे थेट चित्रण इंटरनेटवर विनामूल्य दाखवते. आपल्या सायंकाळी तिथे सकाळ असते. चहाच्या वेळी आजोबांच्या पलंगाजवळ मोबाइल धरून बसावे. अर्धा तास दोघांचाही बरा जातो.

थंडी म्हाताऱ्या शरीरात काय करते?

थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर भार पडतो. म्हणून पोटभर जेवून लगेच बाहेर पडू नये, थंडीत घाईने चालू नये, सामान ओढू नये. नाकातोंडावर लोकरी पट्टी घ्यावी. त्यामुळे आत जाणारा श्वास कोमट होतो आणि दम्याच्या रुग्णाची छाती आवळत नाही. वयपरत्वे थंडी वाजल्याची जाणीव आणि कुडकुडणे दोन्ही मंदावतात. ‘मला नाही हो थंडी वाजत’ हे ज्येष्ठांचे वाक्य सोबत्याने पुरावा मानू नये. बोलणे जड होणे, हात अडखळणे, गुंगी येणे ही शरीर गार पडत असल्याची चिन्हे आहेत. लगेच आत न्यावे, ओले कपडे बदलावेत, पांघरूण घालावे, पूर्ण शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

आपल्या घरांतल्या तीन समजुती इथे घातक ठरतात. पहिली, ब्रँडीने ऊब येते ही. मद्याने त्वचेच्या वाहिन्या फुलतात, क्षणभर गरम वाटते आणि शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते. दुसरी, बधिर झालेली बोटे चोळावीत ही. गारठून पांढऱ्या पडलेल्या बोटांना चोळल्याने इजा वाढते. ती काखेत किंवा कोमट पाण्यात धरावीत. तिसरी, पायांना गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असेल तर भाजल्याचे कळतही नाही.

कपड्यांविषयी थोडक्यात. सुती गंजी घाम शोषून ओली राहते, म्हणून आतला थर लोकरीचा असावा, मधला जाड उबेचा आणि वरचा वारा अडवणारा. साडीची सवय असलेल्या भगिनींनी चार दिवस विजार घालावी. पायांतून शिरणारा वारा साडी अडवत नाही. बूट एक माप मोठे असावेत, कारण घट्ट बुटात जाड मोजे घातले की रक्तप्रवाह अडतो. ज्या माकडटोपीची नातवंडे वर्षभर थट्टा करतात, तिचा मान त्या गावी पुन्हा मिळतो! बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे आणि काठीचे अणकुचीदार टोक विनिपेगलाच घ्यावे.

पाण्याविषयी आग्रहाने सांगतो. ‘सारखे लघवीला जावे लागेल’ म्हणून प्रवासात पाणी न पिणे ही आपली जुनी खोड. थंडीत लघवी अधिक होते, हवा कोरडी असते आणि तहान मात्र लागत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना यामुळे चक्कर येऊ शकते. बग्गीत स्वच्छतागृह आहे, निःशंक पाणी प्यावे. सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. त्यांतल्या काहींनी रक्तदाब वाढतो आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबते.

औषधे आणि कागद

सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि परतीला उशीर होईल असे गृहीत धरून आठवडाभराची जास्तीची घ्यावीत. इन्सुलिन सामानाच्या पेटीत कधीही ठेवू नये. ते गोठले तर वाया गेले असे समजून टाकून द्यावे. बाहेर पडताना इन्सुलिन, दम्याचा पंप आणि साखर तपासायचे यंत्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. गारठलेल्या पंपातून औषध कमी येते आणि गारठलेले यंत्र चुकीचा आकडा दाखवते. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्याही लवकर संपतात. भारताचे आणि विनिपेगचे घड्याळ उन्हाळ्यात साडेदहा, तर हिवाळ्यात साडेअकरा तासांनी वेगळे असते. गोळ्यांच्या, विशेषतः इन्सुलिनच्या, वेळा कशा सरकवायच्या ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

मुंबईहून इतक्या लांबच्या विमानप्रवासात दर तासा-दीड तासाने उठून चालावे आणि पोटऱ्या हलवत राहाव्यात, म्हणजे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका घटतो. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. न्यूमोनियाच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी यांपैकी काहीही लपवू नये. जुन्या आजारांचा खर्च आणि विमानाने हलवण्याचा खर्च त्यात अंतर्भूत आहे का, ते मुलांनी स्वतः वाचून पाहावे. शाकाहारी जेवण चर्चिलला मिळते, पण निवड थोडी आणि किंमत चढी. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोरडा उपमा असे सीलबंद पदार्थ सोबत असावेत. फळे, दूध आणि मांसाचे पदार्थ यांविषयी कॅनडाचे नियम कडक आहेत. जे नेता ते विमानतळावर जाहीर करावे.

मागे राहणाऱ्यांचे काय?

आता रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांशी थोडे बोलतो. आमच्या एका रुग्णाच्या पत्नी निवृत्त शिक्षिका आहेत. पतीला पक्षाघात झाल्यापासून सहा वर्षे त्यांनी घर सोडले नव्हते. विनिपेगच्या मुलाने बोलावले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, यांना असे टाकून मी व्हेल मासे बघायला जाऊ? लोक काय म्हणतील?’’ मी त्यांच्या पतीला विचारले. त्यांना बोलायला कष्ट पडतात. ते एवढेच म्हणाले, ‘‘जाऊ दे तिला.’’

मग तयारी झाली. नणंद दोन आठवडे राहायला आल्या, रात्रीसाठी परिचारक ठरला. बाईंनी जाण्याआधी आठ दिवस दोघांनाही सगळे करून दाखवले आणि वहीत लिहून दिले : कूस किती वेळाने बदलायची, घास केवढा भरवायचा, लघवीच्या नळीची पिशवी कशी रिकामी करायची. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही सर्वांनी मिळून दोन याद्या केल्या. पहिली, काय झाले तर बाईंना कळवायचे. दुसरी, काय झाले तर त्यांनी परत यायचे. सहाव्या दिवशी त्यांच्या पतीला ताप आला. लघवीत जंतुसंसर्ग झाला होता. औषध सुरू करून मी त्याच रात्री बाईंना फोन केला, कारण ताप पहिल्या यादीत होता. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘दुसऱ्या यादीत नाही ना?’’ नव्हता. तीन दिवसांत ताप उतरला आणि त्या ठरल्या दिवशी परतल्या. आता दर वर्षी दोन आठवडे नणंद येतात. बाई कधी बहिणीकडे जातात, कधी नुसत्या कोकणात.

शुश्रूषा करणाऱ्याला विश्रांती मिळाली नाही तर एका घरात दोन रुग्ण होतात, हे मी रोज पाहतो. त्या दोन याद्या चर्चिलसाठीच हव्यात असे नाही. पुण्याहून नाशिकला लग्नाला जातानाही त्या कराव्यात. कळवायचे काय हे आधी ठरलेले असले की घरचे लपवाछपवी करीत नाहीत आणि गेलेल्या माणसाला प्रत्येक फोनच्या घंटेने दचकावे लागत नाही.

आणि शेवटी मुलांना

आईवडिलांनी इच्छा बोलून दाखवली की ‘या वयात?’ हा प्रश्न आधी गिळावा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : तुम्हाला नेमके काय पाहायचे आहे, ते कोणत्या ऋतूत झेपेल आणि तिथे तब्येत बिघडली तर आपण काय करू? या तिन्हींची उत्तरे घरात मिळाली तर जावे. तिसऱ्याचे उत्तर मिळत नसेल तर बेत बदलावा, रद्द करण्याची घाई करू नये. अस्वलांचे गाव झेपत नसेल तर विनिपेगचा काचेचा बोगदा आहे, तोही झेपत नसेल तर पलंगाजवळचा मोबाइल आहे. आईवडिलांनीही आपल्याकडून एक करावे. दुखते ते लपवू नये. परदेशी मुलांना काळजी नको म्हणून छातीतली कळ पोटात ठेवणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. हजार किलोमीटरवर मोठे रुग्णालय असलेल्या गावी असा संकोच परवडत नाही.

जाण्याचा विचार असेल तर किमान तीन महिने आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, साखर, हृदयालेख, डोळे आणि पावले तपासून घ्यावीत, औषधांची यादी मूळ नावांनिशी लिहून घ्यावी आणि आजपासूनच रोज अर्धा तास चालायला लागावे. प्रवास घडला तर ते चालणे तिथे कामी येईल. न घडला तरी इथे येईलच.

आपणा सर्वांना निरामय आरोग्य लाभो.